कानामागची पेन्सिल

सुतारकाकांच्या उजव्या कानामागे कायम पेन्सिल असायची, पण गेली दोन वर्षं ती खोचून द्यायच्या काकू. संधिवातानं खांद्याची पार वाट लागली होती. हात छातीच्या वर जायचाच नाही. रंधा बंद, करवत बंद. शेवटी सांधा बदलायचं ठरलं आणि काका घाबरले. पण कबूल करतील तर शपथ! एक खुंटी बदलायची, त्यात काय एवढं, असं सगळ्यांना सांगत सुटले. जेवण मात्र निम्म्यावर आलं. जुन्या लाकडात नवी खुंटी ठोकताना लाकूड कसं उभं फाटतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

सर्जनबाईंनी स्कॅनवरून त्यांच्या हाडाचा प्लास्टिकचा नमुना करून घेतला होता. काकांनी त्यावर अंगठा फिरवला. खोबण मागच्या बाजूनं झिजलेली. सरळ भोक पाडलंत तर फाटेल, असं त्यांनी बाईंनाच सुनावलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, म्हणूनच तर तिरक्या भोकाचा साचा बनवलाय. तो साचा नमुन्यावर बसवून बघण्यात काका असे गढले, की भूल देणारे डॉक्टर शेजारी काय सांगताहेत ते एका कानानं ऐकलं नि दुसऱ्या कानानं सोडून दिलं. मान तेवढी डोलावली.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले, तर उजवा हात गळ्यातल्या झोळीत. बोटं दिसत होती, पण हलत नव्हती. चिमटा काढला तरी कळेना. काका पांढरेफटक पडले.

"अगं, हात गेला माझा."

काकूंनी समजावलं, मानेत इंजेक्शन देऊन हात बधिर केलाय, उद्यापर्यंत उतरेल, तुमच्यासमोरच सांगितलं होतं. काकांना वाटलं, ही आपली समजूत काढतेय. नर्सनंही तेच सांगितलं, तर तीही हिला सामील. दिवसभर ते डाव्या हातानं उजवी बोटं चाचपत राहिले. चाळीस वर्षं ज्या हातावर घर चाललं, तो कुणा परक्याचा असल्यासारखा पोटावर पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठ्याला मुंग्या आल्या. काकूंनी पिशवीतली पेन्सिल काढून त्या बोटांत ठेवली. हात उचलायला अजून सहा आठवडे बंदी होती. म्हणून थोड्या वेळानं, नेहमीसारखी आपणच कानामागे खोचावी, असं म्हणत काकूंनी ती परत घेण्यासाठी ओढली. काकांनी सोडली नाही.