वंशावळीतला मामा

धामणकर नाक्यावरचा आमचा स्कूटर मेकॅनिक पान्याला हात लावण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा, "मामाचं गाव कुठलं?"

एकदा अकलोलीच्या गरम कुंडांकडे निघालेला अमेरिकन तरुण, भाड्याची स्कूटर बंद पडल्यामुळे, त्याच्या तावडीत सापडला. त्याला वंशावळीचा नाद. तीनशे वर्षांपूर्वी जहाजातून अमेरिकेत उतरलेल्या मूळपुरुषापर्यंतचे सगळे बाप त्याने घडाघडा सांगितले. दुभाष्या मी.

"आन् मामा?"

"आई एकुलती. मामा नाही."

मेकॅनिकचा चेहराच पडला. "मंग लग्नात पाठीशी कोन उभा ऱ्हाईल?" मग काळे हात पुसत हसला. "मी हाय ना, भाच्या!"

पुढच्या वर्षी भाचा खरंच नवरी घेऊन गॅरेजात हजर! नवी टोपी घालून मामा पुढे झाला आणि नवरीला म्हणाला, "पोरी, तुज्या मामाचं गाव कुठलं गं?"