जरा बाहेर येता का सगळे?

माणसांना इतका जीव लावणारा आणि माणूस समोर आला की कॅमेरा खाली घेणारा दुसरा गृहस्थ चांदा ते बांदा शोधला तरी सापडायचा नाही. शोधायला फार लांब जायचीही गरज नाही, कारण हे गृहस्थ खुद्द चांद्याचे आणि माझे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चंद्रपुरात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपात जीव घालायचा हा त्यांचा धंदा, आणि रिकाम्या खोल्यांचे फोटो काढायचे हा छंद. धंद्यानं पोट भरतं आणि छंदानं आमचं जेवण गार होतं.

आम्ही वरोऱ्याला राहतो. ते आले की सगळ्यांची चौकशी करतात, पोरांच्या खिशात चिवड्याच्या पुड्या कोंबतात, माझ्या गुडघ्याला तेल कुठलं लावायचं ते सांगतात. मग पानं वाढली जातात, मी भाताचा पहिला घास उचलतो आणि ह्यांची नजर खिडकीतून आलेल्या उन्हावर जाते. "जरा बाहेर येता का सगळे?" एवढंच म्हणतात, तेही इतक्या अजिजीनं की नाही म्हणवत नाही. सगळं घर खरकट्या हातांनी अंगणात उभं राहतं. एकदा शेजारच्यांना वाटलं गॅस गळतोय, तेही आपलं बिऱ्हाड घेऊन बाहेर आले. आत हे एकटे. बऱ्याच वेळानं समाधानानं बाहेर येतात आणि म्हणतात, "या आता." जणू घर त्यांचं आणि आम्ही पाहुणे.

माझ्या मुलीच्या लग्नात फोटोचं काम त्यांच्याकडे सोपवण्याचा शहाणपणा मीच केला. त्यांच्याकडे कॅमेरा चांगला होता आणि घरचा माणूस म्हटल्यावर बोलायला नको. अल्बम आला. मोकळा मांडव, उलटसुलट पडलेल्या खुर्च्या, बोहल्यावर सांडलेल्या अक्षता, धुऊन पालथी घातलेली पातेली. नवरी कुठेच नाही. व्याह्यांनी अल्बम दोनदा चाळला आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं, लग्न झालं ना?

पण खरा जीव लहानपणीच्या जागांवर. शाळेचा तिसरीचा वर्ग, केस कापायला जायचे ते दुकान, दवाखान्यातली बाकड्याची खोली, सगळं टिपून झालं होतं. धानोऱ्याकडे त्यांचे मामा राहायचे. तिथल्या तेंदूपानाच्या जुन्या गोदामात ते लपाछपी खेळलेले, म्हणून एकदा मला घेऊन तिकडे गेले. वनरक्षकानं हटकलं. कशाचा फोटो काढता, म्हणाला. साडभाऊंनी सरळ सांगितलं, कशाचाच नाही, आत काही नाही म्हणूनच काढतोय. त्यानं कॅमेरा घेऊन पाहिला तर एकामागून एक रिकाम्या खोल्या. त्याचा संशय असा वाढला की दिवस मावळेपर्यंत आम्हाला नाक्यावर बसवून ठेवलं. चोर ओळखायला तो शिकला होता, पण काहीच न नेणाऱ्या माणसाचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

एवढं सगळं टिपलं, पण ज्या खोलीत लहानाचे मोठे झाले ती मात्र त्यांनी कधी टिपली नव्हती. वडील कोळशाच्या खाणीत होते, आणि खाणीच्या कडेला क्वार्टरांची एक लांब ओळ होती, तिच्या शेवटी ह्यांचं घर. तिकडे जाऊ या म्हटलं की दुकानात काम निघायचं. गेल्या हिवाळ्यात बातमी आली की खाण पुढे सरकत ओळीपर्यंत पोचली, घरं रिकामी झाली, पुढच्या आठवड्यात पाडणार. ह्यांचं अन्नपाणी सुटलं. मेव्हणीनं मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "भाऊजी, त्यांना एकटं सोडू नका तिथं."

आम्ही पोचलो तेव्हा ओळीत एकच घर नांदतं होतं, आणि नेमकं ते ह्यांचंच. बाकीच्यांची दारंखिडक्यासुद्धा गेलेली. सामान अर्धं ट्रॅक्टरवर चढलं होतं. मागच्या भिंतीला अशी भेग, की आरपार खाण दिसत होती. घरातल्या बाईनं चहा दिला, पण फोटोसाठी सगळ्यांनी बाहेर यायला तिनं साफ नकार दिला. भरल्या घरातली माणसं बाहेर काढून खोली मोकळी करतात ती मयताच्या दिवशी, असं तिचं म्हणणं. मग तिलाच दया आली. म्हणाली, दुपारी ब्लास्टिंगचा भोंगा झाला की सगळे बाहेर निघतातच, तेव्हा काढा दारातून.

आम्ही चिंचेखाली थांबलो, आणि तिथं साडभाऊंनी मला पहिल्यांदा सांगितलं. त्यांच्या लहानपणीही भोंगा झाला की सारी ओळ घराबाहेर यायची. त्यांची माय यायची नाही. एका ब्लास्टिंगला भांड्यांची मांडणी भिंतीवरून निखळली होती आणि तिच्या माहेरचा पितळेचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चेपला होता. तेव्हापासून भोंगा झाला की ती पोरांना बाहेर पिटाळायची आणि स्वतः मांडणीला पाठ लावून, हात पसरून आत उभी राहायची. हे बाहेर उघड्या दाराकडे पाहत राहायचे. जमीन हादरायची, दारातून धूळ यायची, आणि मग आतून आवाज यायचा, "झालं, या आत." म्हातारी पुढे सुखानं गेली, नातवंडं पाहून गेली. पण ते मला म्हणाले, "भाऊ, मी रोज बाहेरूनच पाहलं. आत काय होते, मले कधी दिसलंच नाई."

भोंगा झाला. घरातली माणसं निघाली, ट्रॅक्टरवाला निघाला. बाई आली नाही. साडभाऊ दारापाशी गेले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच खाली घेतला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. भांडी अजून मांडणीवरच होती आणि बाई तिला पाठ लावून उभी होती.

त्यांनी कॅमेरा गळ्यातून काढून माझ्या हातात दिला. "धरा," म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळानं बाई कपाळाला हात लावत बाहेर आली. "आयकूनच नाई राह्यले हो. म्हणते, बाई, तुमी आज बाहेर व्हा, मांडणी मी धरतो."

दुसरा भोंगा झाला, म्हणजे आता सुरुंग उडणार. मी पुढे धावलो, तर खाणीच्या लाल झेंडीवाल्यानं मला धरून चिंचेखाली आणलं. मी हाका मारल्या. आतून ओ नाही. त्या दारात काही दिसत नव्हतं, नुसता काळोख, आणि मला त्या भेगेशिवाय दुसरं काही आठवेना. मेव्हणीला काय सांगू? मी आयुष्यात एवढा घाबरलो नाही. मग पायाखालची जमीन उचलून खाली ठेवल्यासारखी झाली, मागच्या बाजूला काहीतरी मोठं कोसळलं आणि दारातून धुळीचा लोट बाहेर आला. माझं बोट कॅमेऱ्यावर कधी दाबलं गेलं, मला कळलंही नाही.

बाई रडू लागली. आणि तेवढ्यात आतून, खोकत खोकत, आवाज आला, "झालं, या आत."

मागची भिंत अर्धी गेली होती. पुढची उभी होती, मांडणी उभी होती, आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झालेले साडभाऊ तिला चिकटून होते. एकही भांडं पडलं नव्हतं. मी त्यांना तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बाईची भांडी एकेक करून ट्रॅक्टरवर नेऊन ठेवली, आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं, "बाहेर कसं वाटलं, भाऊ?"

"भीती वाटली," मी म्हणालो.

"हो ना," ते म्हणाले, आणि बराच वेळ माझा हात धरून उभे राहिले.

ती ओळ आता नाही, तिथं खाण आहे. त्या खोलीचा फोटो निघाला नाही तो नाहीच. माझ्या हातून निघालेला तेवढा आहे, तिरपा आणि धुरकट. नुसतं उघडं दार. तो त्यांनी दुकानात लावलाय. गिऱ्हाइकं हसतात, दाराचा काय फोटो काढायचा म्हणतात. हे तारेचं वेटोळं गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता सांगतात, "आत माणूस हाय त्याच्यात."

परवा ते आमच्याकडे आले होते. पानं वाढली होती, वांग्याची भाजी झकास झाली होती, आणि खिडकीतून ऊन आलं. त्यांनी नेहमीचं विचारलं. मी एरवी कुरकुरतो, पण परवा लगेच ताटावरून उठलो. अंगणात जाऊन उभा राहिलो, आणि ते बाहेर येईपर्यंत दारावरची नजर काढली नाही.