लकीशेठ आणि फुकटचं चाक

चाव्या बनवणाऱ्या त्या गृहस्थांना गल्लीत सगळे लकीशेठ म्हणत. शेठ म्हणावं असं त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि लक तर त्यांच्या दुकानाकडे कधी फिरकलंही नव्हतं. दुकान म्हणजे जिन्याखालची खोबण. त्यात एक करकरणारं यंत्र, चार कानशी, भिंतीवर टांगलेल्या कोऱ्या चाव्या आणि गल्ल्याला टेकवून ठेवलेला मोबाईल. त्या मोबाईलवर दिवसभर एक रंगीबेरंगी चाक फिरत असे. फुकट खेळा, बक्षीस जिंका! फ्रिज, गाडी, परदेशवारी.

काटा नेहमी फ्रिजच्या उंबरठ्यापर्यंत यायचा आणि शेजारच्या रिकाम्या खणात शिरायचा. म्हणजे आपण जवळ पोचलोय, असा शेठचा ठाम समज. गिऱ्हाईक ताटकळत उभं, चावी अर्धी घासलेली, आणि शेठ जाहिरात संपायची वाट बघताहेत. कारण जाहिरात अख्खी पाहिल्याशिवाय चाक हलत नाही.

"वेळ जातो त्यात," बायको म्हणायची.

"वेळ असाही जातोच. फुकट तर आहे, आपलं जातंय काय?" शेठ म्हणायचे. या उत्तरापुढे भलेभले विद्वान गप्प बसतील, ती तर बिचारी शिवणयंत्रावर पाय मारून घर चालवणारी बाई.

एवढ्या तपश्चर्येचं फळ मिळालं नाही असं मात्र नाही. एकदा टपालाने एक कंगवा आला होता. शेठच्या डोक्यावर त्याला पुरेल एवढं काम नव्हतं, तरी तो दुकानात दर्शनी भागी लावला गेला.

धंद्यात माणूस पक्का. ओळख पटल्याशिवाय कुणाच्या घराची दुसरी चावी करून देणार नाही. "चावी म्हणजे अख्खं घर असतं, साहेब," असं सुनावून त्यांनी एका वकिलालाही परत पाठवलं होतं. पण चाकवाल्यांनी 'एका नातेवाइकाचा नंबर द्या, एक जादा फेरी घ्या' म्हटल्याबरोबर याच शेठनी सारं खानदान वाटून टाकलं. बायको, मेहुणा, सासूबाई, आणि एकुलती एक मुलगी.

मग घरोघरी फोन वाजू लागले. गुडघ्याने लंगडणाऱ्या सासूबाईंना व्यायामशाळेचं बोलावणं आलं. मेहुण्याला केस उगवायचं तेल. मुलीला कर्ज, विमा आणि सकाळ-संध्याकाळ प्लॉट. "कुठून मिळतात या हरामखोरांना नंबर!" असं सगळ्यांत मोठ्याने शेठच ओरडत. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, फक्त इथे चोरालाच आपली चोरी ठाऊक नव्हती.

मुलगी रक्त तपासायचं शिकली होती. एका मोठ्या हॉस्पिटलात मुलाखत झकास झाली होती, आणि 'फोन करून कळवू' असं तिला सांगितलं होतं. अख्ख्या घराचा जीव त्या फोनात अडकला होता, आणि तो फोन दिवसभर प्लॉट विकत होता. शेवटी वैतागून ती बापाकडे आली. मोबाईलमधले घरातले जाणकार तेच ना! शेठनी बोटं फिरवून इलाज केला. ओळखीचा नसलेला नंबर आता वाजणारच नाही.

"पण हॉस्पिटल?"

"त्यांचा नंबर साठवलायस ना? मग बस निवांत."

ती निवांत बसली. पुढच्या आठवड्यात मुलाखतीला सोबत असलेली मैत्रीण मिठाईचा डबा घेऊन आली. "अगं, तू उचलला का नाहीस? आधी तुलाच फोन लावत होते म्हणे. मग मला बोलावलं."

मुलीने मोबाईल उघडला. न वाजलेल्या फोनांच्या ढिगात, कर्ज आणि विम्याच्या मधोमध, हॉस्पिटलच्या आतल्या कचेरीचा नंबर होता. साठवला होता तो बाहेरच्या चौकशी खिडकीचा. तिने परत फोन लावला. पलीकडच्या बाईंनी अगदी सभ्यपणे सांगितलं, जागा भरली.

संध्याकाळी तिने सगळे नंबर पुन्हा वाजते केले. पहिलाच फोन प्लॉटचा आला. तिने आईबापांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला. "आधी हे सांगा, माझा नंबर दिला कुणी तुम्हाला?"

पलीकडची पोरगी नवखी असावी. उत्साहाने वाचूनच दाखवलं तिने. "बक्षीस योजनेतून आलाय, मॅडम. तुमच्या बाबांनीच दिलाय, जादा फेरीसाठी!"

शिवणयंत्र थांबलं. शेठचं तोंड पडलं.

"बाबा, माझ्या नंबरावर काय लागलं?"

"काही नाही गं," शेठ कसेबसे म्हणाले.

ती ओरडली असती, रडली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने फक्त डोळे पुसले आणि दुसऱ्या एका हॉस्पिटलचा अर्ज भरायला घेतला. शेठना मेल्याहून मेल्यासारखं झालं. संपर्काच्या नंबराशी येऊन तिचा हात थांबला.

"आई, वरच्या काकूंचा नंबर देऊ का? विचारतेस त्यांना?"

"माझा दे की," शेठ घाईघाईने म्हणाले. "मी तर दिवसभर फोनजवळच असतो."

आईने मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं, चपला घातल्या आणि काकूंना विचारायला ती जिना चढून वर गेली.