तेलाचं बोट

आमच्याकडे धनुष्याला मूठ चिकटवायचं काम माझं. बाकी सगळं ह्यांचं. द्वारका चौकाजवळ ह्यांचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. कपाटं आणि पलंग करता करता मध्येच ह्यांना धनुष्यांचं वेड लागलं. मैदानावर तिरंदाजी शिकायला येणाऱ्या पोरांच्या हाताला बसेल असं धनुष्य सहज मिळत नाही, म्हणून हे इंदिरानगरला आमच्या रो-हाउसच्या मागच्या अंगणात बांबूच्या पट्ट्या लाकडावर बसवून धनुष्यं करतात. ह्यांचा हात मोठा आणि घाई त्याहून मोठी. सुरुवातीला मूठ बसवताना हे क्लॅम्प इतका आवळायचे की सगळा गोंद बाहेर यायचा आणि आत नुसतं लाकडाला लाकूड. तशा दोन मुठी निखळल्यावर मी म्हटलं, तुम्ही बाजूला व्हा. पापड लाटून ज्यांचे हात घडलेत त्यांना दाब किती द्यायचा हे शिकवावं लागत नाही, असं मी चारचौघांत ऐकवायचे. आता नाही ऐकवत.

मूठ म्हणजे शिसवाचा ठोकळा. तो धनुष्याच्या मधोमध, पोटाच्या म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूला चिकटवायचा. आधी दोन्हीकडचं लाकूड रंध्याने सपाट करायचं, मग पॉलिशपेपरने थोडं खरबरीत करायचं, कारण गुळगुळीत लाकूड गोंद धरत नाही. थिनरने पुसून घ्यायचं. त्यानंतर तिथे बोटसुद्धा लावायचं नाही. हाताला घाम असतो, आणि आमच्यासारख्यांचा हात स्वयंपाकघरातून आलेला असला तर तेलही असतं. दोन ट्यूबांचा गोंद कालवून दोन्हीकडे लावायचा, ठोकळा ठेवायचा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गच्च गुंडाळायची. मग दुसऱ्या दिवसापर्यंत तिकडे फिरकायचं नाही. दोरी ओढली की धनुष्य वाकतं, मूठ वाकत नाही, त्यामुळे सगळा ताण त्या सांध्यावर येतो. सांधा कच्चा राहिला तर तो घरात टेबलावर सुटत नाही. तो कुणाच्या तरी हातात सुटतो.

हे सगळं मला पाठ होतं. म्हणूनच माझ्याकडे सबब नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. रंधे, करवती, पटाशा, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, झेंडूची फुलं वाहायची आणि त्या दिवशी कशालाही कामाला लावायचं नाही. हा मान सासूबाईंचा. त्यांना हल्ली नीट दिसत नाही. डोळ्यांमुळे आम्ही एकेक काम त्यांच्या हातून काढून घेतलं होतं. आधी गॅस, मग विळी, मग भाजी निवडणं. हत्यारांची पूजा तेवढी उरली होती. कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही म्हणून त्या ते तेलात कालवतात, आणि चाचपडत, एकाही हत्याराला न चुकता, प्रत्येकाला एक बोट हळदीचं आणि एक कुंकवाचं लावतात.

या वर्षी मी मुठी चिकटवायला तयार केलेली धनुष्यं पूजा मांडतो त्याच पडवीत कडेला ठेवली होती. ह्यांनी हौसेने तीही पाटाशेजारी मांडली. सासूबाईंनी हाताला लागेल त्याला बोट लावलं. बहुतेकांना ते टोकाकडे लागलं. एकाला मात्र बरोबर मधोमध, मी घासून पुसून ठेवलेल्या जागेवर.

मी ते दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी पाहिलं. सासूबाईंचं म्हणणं असं की दसऱ्याला कामाची सुरुवात झालीच पाहिजे, निदान एक तरी मूठ बसलीच पाहिजे. त्या खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या. करायला हवं होतं ते सरळ होतं. ते लाकूड पुन्हा रंधायचं, तेल मुरलंय तिथपर्यंत जायचं, मग गोंद. पण आदल्याच दिवशी फरशीवर तेल सांडलं म्हणून मी त्यांना टाकून बोलले होते. त्या रात्री जेवल्या नव्हत्या. आता त्यांच्या पुढ्यात, सणाच्या दिवशी, त्यांच्या हातचं कुंकू खरवडायचं माझ्या जिवावर आलं. रंध्याचा आवाज त्यांना बरोबर कळतो, जन्म सुताराच्या घरात गेलाय. मी थिनरचा बोळा फिरवला. डाग फिकट झाला. जवळजवळ गेलाच, असं मी स्वतःला सांगितलं आणि गोंद लावला. आणि खरं सांगायचं तर कंटाळाही होता. पुरणाचं सगळं व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. आवाज चांगला आला.

ते धनुष्य मैदानावरच्या एका मुलीला गेलं. तिच्या वडिलांची द्वारकेच्या मागच्या गल्लीत लाकडाची वखार आहे, आमचं शिसव तिथूनच येतं. पोरगी आठवी-नववीतली, सडपातळ, बोलायला कमी. सरावावरून घरी जाताना आमच्याकडे थांबायची आणि सासूबाईंना सुयांमध्ये दोरे ओवून द्यायची. एकदम बऱ्याच सुया ओवून उशीला टोचून ठेवायची, म्हणजे आजींना पुढे कुणाला हाक मारायला नको. मला ह्या घरात इतकी वर्षं होऊन हे सुचलं नव्हतं. जिल्ह्याच्या संघाची निवड जवळ आली होती आणि तिरंदाजी शिकवणाऱ्या सरांची त्या मुलीवर मदार होती. सगळ्या धनुष्यांत ते ओढायला सर्वांत गोड होतं, म्हणून ते तिलाच द्या असं मीच ह्यांना म्हटलं. त्यात काही काळंबेरं नव्हतं. त्या वेळी मी तो डाग विसरले होते, किंवा विसरायला मला बरं वाटत होतं.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी हे मैदानावरून तणतणत आले. पोरीने दोरी पूर्ण ओढली असताना धनुष्य हातात पिळलं, बाण आडवा सुटून गवतात गेला, शेजारच्या रांगेतल्या पोरांच्या पायांपासून थोड्याच अंतरावर. कुणाला लागलं नाही. तिच्या हातावर दोरीचा वळ उठला. धनुष्याची मूठ आवळून धरायची नसते, आवळली की ते फिरतं, हे सरांनी शंभरदा सांगितलेलं. सरांनी तिला विचारलं, आवळली होतीस ना? ती हो म्हणाली. ज्याचा बाण रांगेबाहेर जातो त्याला काही आठवडे दोरीला हात लावू द्यायचा नाही, हा सरांचा नियम. म्हणजे निवड गेली.

"आणि धनुष्य कुठंय?" मी विचारलं.

ती नंतर आणून देते म्हणाली, म्हणे. ह्यांनी आणि सरांनीही ते पाहिलं नव्हतं, तिने लगेच ओढणीत गुंडाळलं होतं. पोरींना सांगून उपयोग नाही, असं काहीतरी बोलत हे हातपाय धुवायला गेले. मी पोळी लाटत होते. ती तव्यावर टाकायची राहिली.

त्या क्षणी मला कळलं होतं. मूठ आवळल्याने धनुष्य जरासं फिरतं, नेम चुकतो, पण ते असं हातात पिळत नाही. उठून बोलायला हवं होतं. पण बोलायचं म्हणजे सासूबाईंसमोर बोलायचं, आणि त्यांच्या त्या एका बोटाने एका पोरीची निवड गेली हे त्यांना कळलं असतं तर पुढच्या खंडेनवमीला त्यांनी कुंकवाची वाटी हातात धरली नसती. असं मी मनाशी म्हणत राहिले. एक दिवस, दुसरा दिवस. सासूबाईंची ढाल फार सोयीची होती. ती पोरगी का येत नाही, असं त्या रोज विचारायच्या. अभ्यास असेल, मी म्हणायचे. सुया संपल्या तेव्हा दोरा मी ओवून दिला, तर म्हणाल्या, तुझा दोरा आखूड असतो गं.

शेवटी राहवेना. अपराध्याला भूक लागत नाही म्हणतात, पण मला लागत होती, मी जेवत होते, आणि तेच जास्त खुपत होतं. एका दुपारी मी रिक्षा करून वखारीच्या गल्लीत गेले. तिची आई घरी होती. तिने बसायला दिलं, चहा टाकला आणि मुलीला हाक मारली. मुलगी मला बघून आत गेली आणि पलंगाखालून ओढणीत गुंडाळलेलं धनुष्य घेऊन आली.

मूठ एका बाजूने पूर्ण उचकटली होती. आतल्या लाकडावर गोंद होता, फक्त मधला एक गोल सोडून. तिथे गोंद धरलाच नव्हता, आणि त्या गोलात पिवळट-लाल रंग होता, बोटाच्या टोकाएवढा.

मी म्हटलं, ही माझी चूक आहे. मला माहीत होतं तरी मी त्यावर गोंद लावला. तू आवळलं नव्हतंस.

"माहिती आहे मला, काकू," ती म्हणाली. "मैदानावरच दिसलं मला. हे आजीचं बोट आहे. ती असंच लावते, थोडं तिरकं."

मग सरांना का नाही सांगितलंस, मी विचारलं. तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, मीही हेच विचारून थकले.

"सरांनी काकांना सांगितलं असतं," मुलगी म्हणाली. "काकांनी तुम्हाला. मग तुम्ही आजीला बोलला असतात. त्या दिवशी तेल सांडलं तेव्हा मी दारातच होते. आजीने तर माझ्यासाठी दुवा म्हणून लावलं असेल ना."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्या घरात मान वर करायची हिंमत मला झाली नाही. तिच्या आईने विषय बदलायला बिस्किटांची बशी पुढे केली, ते तर फारच झालं.

निघताना तिने एकच मागणं केलं, आजीला कळू द्यायचं नाही. मी शब्द दिला.

तिथून मी तशीच मैदानावर गेले, धनुष्य काखेत. सर लक्ष्य लावत होते. मी त्यांना सांधा दाखवला आणि सांगितलं, मूठ मी चिकटवली होती, लाकडाला तेल लागलेलं मला दिसलं होतं, मी ते काढलं नाही. मुलीचा काही दोष नाही, तिला परत रांगेत घ्या. तेल कुठून आलं ते मी सांगितलं नाही.

सरांनी सांध्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, ठीक आहे, उद्यापासून तिला पाठवा, निवडीला अजून थोडे दिवस आहेत. मी वळले तेव्हा त्यांनी विचारलं, "पण वहिनी, तिने मग 'मीच आवळली' असं का सांगितलं?"

उत्तर मला माहीत होतं, पण ते दिलं तर फिरून सासूबाईंच्या कानावर गेलं असतं, आणि तसं होऊ द्यायचं नाही असा शब्द मी देऊन आले होते.

"तिला नका विचारू, सर," मी म्हटलं. "मी इतके दिवस गप्प का बसले, ते विचारा."

ते नुसतेच मान हलवून लक्ष्याकडे वळले. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.