महादूने घोटलेला कोबा

महादू पाष्टेला कामावरून काढणारा माणूस मीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण इथल्या मराठी मंडळींत ही गोष्ट निघते तेव्हा तो नतद्रष्ट मॅनेजर कोण हे कुणी बोलत नाही, आणि मी समोरच बसलेला असतो.

आखातात, रास अल खैमाच्या बाहेर, भर वाळूत, आमच्या अरबाबाचा म्हणजे मालकाचा खासगी प्राण्यांचा फार्म होता. चौऱ्याण्णव साली त्याने आफ्रिकेतल्या वाळवंटातले पाच सिंह आणले. हे सिंह कित्येक दिवस पाण्याला तोंड लावत नाहीत, शिकारीच्या रक्तामांसावरच तहान भागवतात. तिकडे ते कमी होत चालले होते. इथे त्यांचा वंश वाढवायचा आणि रोजच्या नोंदी तिकडच्या अभ्यासकांना पाठवायच्या, असं ठरलं. नोंदी इंग्रजीत लिहायला मी, पुण्याचा गुणवंत. सिंहिणींच्या बाळंतपणाची खोली बांधायला महादू, संगमेश्वराकडचा गवंडी.

त्याने त्या खोलीतला कोबा असा घोटला की वरचा बल्ब खाली दिसावा. अरबाबाने पाठ थोपटली. तानू त्या खोलीत व्याली. सिंहिणीला हे नाव महादूनेच दिलेलं, आपल्या आईचं, तानुबाईचं. दोन पिल्लं झाली. त्या गुळगुळीत कोब्यावर त्यांचे पाय ठरेनात, फाकतच गेले. आईपर्यंत सरकणंही जमेना. तीन आठवड्यांत दोन्ही गेली. महादूने आपली थापी वाळूत पुरली आणि अरबाबाकडे सिंहांचं काम मागितलं. मागितलं कसलं, हटूनच बसला.

त्याची कामाची तऱ्हा मला आधी खुळचट वाटायची. संध्याकाळी सिंह पिंजऱ्यात घेतले की तो गावाकडे अंगण झाडतात तशी कुंपणातली वाळू झाडायचा, खजुराच्या हिरांचा खराटा करून. मग सिंहांना सोडायचं. सकाळी त्या वाळूवर कोण कुठे उकरत बसलं, कोण पाण्याकडे फिरकलंच नाही, कुणाचा पाय दुखतोय, सगळं तो घडाघडा वाचायचा आणि मी लिहून घ्यायचो. तिकडून पत्र आलं, इतक्या बारीक नोंदी दुसरं कुणी पाठवत नाही. नोंदींखाली सही माझी होती. मी ते पत्र फ्रेम केलं.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये तानू पुन्हा गाभण होती. नेमके तेव्हाच अरबाबाचे बडे पाहुणे यायचे ठरले. वाळू उडते, बरं दिसत नाही, सगळ्या कुंपणात कोबा करा, असं फर्मान निघालं. चाळीस गोण्या सिमेंट येऊन पडलं. मी महादूला बोलावलं.

"महादू, चार दिवसांत फिनिशिंग पाहिजे. यल्ला, चल लवकर."

"नाय."

"नाय म्हणजे?"

"ती रोज गाफाच्या झाडाखाली उकरतेय साहेब. मी पाऊल बघतो ना. तिला तिथंच व्यायचंय. माझ्या कोब्यानं दोन पोरं खाल्ली तिची. आता नाय."

"अरे, अरबाबची ऑर्डर आहे! व्हिसा कॅन्सल करीन तुझा, खलास!"

"करा. मी सिमेंट कालवणार नाय, आणि दुसऱ्या कुणाला कालवू देणार नाय."

मला वाटलं, बोलेल तो करेल काय. त्याच दुपारी सगळे जेवून पडलेले असताना त्याने पाण्याचा पाइप ओढत आणला आणि चाळीसच्या चाळीस गोण्या भिजवल्या. गवंडीच तो, एक गोणी सुटली नाही. मी धावत पोचलो तर त्याच गोण्यांवर बसून विडी ओढत होता. पळाला नाही की हात जोडले नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी त्याचा व्हिसा रद्द केला. नवं सिमेंट येईपर्यंत पाहुणे येऊन गेले आणि अरबाबाची कोब्याची हौसही त्यांच्याबरोबर गेली. निघायच्या दिवशी महादूने खराटा आणून माझ्या टेबलावर, फायलींवरच ठेवला.

"झाडा," म्हणाला.

दुसरं कोण झाडणार? मीच झाडू लागलो. पाठीचा पार काटा ढिला झाला. अडीच महिन्यांनी एका सकाळी गाफाखाली, तानूच्या पावलांशेजारी लिंबाएवढे ठसे दिसले. तिघांचे. सरळ चाललेले, एकही पाय फाकलेला नाही. मी तिथेच वाळूत बसून रडलो.

त्याच्या गावातल्या दुकानात फोन लावला. तो येईपर्यंत धरून ठेवला.

"तिन्ही चालतात रे," मी म्हणालो.

पलीकडून आवाज आला, "ती कोब्याची खोली हाय अजून?"

"आहे. अरबाब पिल्लांवर खूश आहे, म्हणतो, परत ये. मी व्हिसा पाठवतो. कोबा आजच फोडून घेतो."

"हात लावायचा नाय कुणी! घण तेवढा आणून ठेवा."

व्हिसाच्या खटपटीत सहा-सात महिने गेले, अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत तो आला. बॅग दाराबाहेर टाकली आणि घण उचलला. दोन दिवस एकटा घाव घालत होता, कुणाला आत येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी घमेल्याने वाळू ओतली, खराट्याने झाडली आणि माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मी नोंदवही उघडली, पेन उचललं.

"लिहा तुम्ही," महादू म्हणाला, "पण आजपासून खाली सही माझी."

मी पेन त्याच्या हातात दिलं.