गवत तिचं, तेल आमचं

आई नागपूरहून पहिल्यांदाच माझ्याकडे टेक्सासमधल्या शुगर लँडला आली, आणि नेमकं त्याच आठवड्यात मला साइटवर न्यू मेक्सिकोला जायचं होतं. "घरात एकटी बसून काय करू?" म्हणत तीही निघाली. दिवसभराचं ड्राइव्ह, डब्यात धपाटे आणि तिचे न संपणारे प्रश्न.

आमच्या कंपनीने तिथल्या सरकारी माळाखालचं तेल काढायचा हक्क लीजवर घेतला होता. विहीर कुठे खोदायची, तिथवर रस्ता कुठून न्यायचा, हे जागेवर पक्कं करायचं होतं. सर्व्हेवाल्यांनी खुंट्या ठोकून गुलाबी फिती बांधूनही ठेवल्या होत्या.

फाटकाशी जमीन खात्याचा अधिकारी होता आणि पिकअपला टेकून एक सत्तरीची बाई उभी होती. त्या माळावर तिच्या गाई चरत. चराईचं लीज तिच्या वडिलांपासून त्यांच्याच घरात होतं.

आईने मला बाजूला ओढलं. "जमीन हिची का गं?"

"नाही, सरकारची. वरचं गवत चारायचा हक्क हिचा, खालचं तेल काढायचा आमचा."

"म्हणजे आपल्या सोसायटीच्या गच्चीसारखंच की! गच्ची सगळ्यांची, टॉवर मोबाईल कंपनीचा अन् पापड माझे."

मी ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. पापड समजावताना माझी दमछाक झाली, पण समजल्यावर त्या खो खो हसल्या. "आईला विचार, टॉवरवाले पापडांवर पाय देतात का?"

"एकदा दिला होता," आई शांतपणे म्हणाली. "पुन्हा नाही दिला."

आम्ही खुंट्यांच्या कडेने चालत गेलो. रस्ता बरोबर चराऊ रान आणि पाण्याचा हौद यांच्या मधून जात होता. बाईंचा सूर बदलला. "दिवसभर ट्रक धावले तर माझ्या गाई पाण्यावर येणार नाहीत." त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण रस्ता हलवायचा नाही, असं बॉसने मला बजावलं होतं. मी नकाशा उघडून पुन्हा पाहू लागले.

तेवढ्यात एका वासराने खुंटीवरची फीत तोंडात घेतली. "ए, सोड! सोड म्हणते ना!" साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेली आई त्याच्यामागे धावली. वासरू दचकलं, फीत टाकून पळालं. अधिकाऱ्यासकट आम्ही सगळे पोट धरून हसलो.

त्या हसण्याने जरा मोकळं वाटलं. मी म्हटलं, "टेकडीच्या पलीकडून बघू या का?" बघितलं. वळसा पडत होता, पण जमीन सपाट होती आणि अधिकाऱ्याचीही हरकत नव्हती. फोनला रेंज मिळावी म्हणून मी टेकडीवर चढले. बॉसने बरीच कुरकुर केली आणि शेवटी "ओके, कर" म्हणाला. बाईंनी माझा हात दाबला. मग आम्ही पिकअपच्या मागच्या फळीवर बसून धपाटे संपवले.

काही महिन्यांनी रस्ता तयार झाल्यावर मी पुन्हा गेले, या वेळी एकटीच. गाई हौदाशी निवांत पाणी पीत होत्या. बाईंनी मला घरी नेलं, हिरव्या मिरच्या घातलेली राजम्याची झणझणीत आमटी वाढली. मी मांस खात नाही, हे त्या दिवशी धपाटे खाताना सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. नाकातून पाणी येईपर्यंत जेवले आणि आणखी मागून घेतलं.