दाजी आणि चकतीची भूमिती

माझ्या दाजींइतका बरोबर असणारा माणूस पुण्यात दुसरा नसेल, आणि पुण्यात राहून असं विधान करायला छाती लागते. एका कारखान्याच्या कॉम्प्युटर खात्यात त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्त होताना एकच मत घरी आणलं: कुठलंही सॉफ्टवेअर हार्ड डिस्कची भूमिती बदलू शकत नाही. आतल्या चकतीवरची वर्तुळं कारखान्यातच आखली जातात. नंतर तुम्ही डिस्क फॉरमॅट करा नाहीतर तिला ओवाळा, ती वर्तुळं तसूभर हलत नाहीत. एका साखरपुड्यात मुलाचे काका सहज म्हणाले, "कसलंसं सॉफ्टवेअर टाकलं आणि माझी डिस्कच वाकडी झाली." दाजींनी हातातली जिलबी खाली ठेवली. "अहो, दारावरची पाटी बदलली म्हणून भिंती सरकतात का? सॉफ्टवेअर फक्त पाटी बदलतं." काका उठले, तर दाजी त्यांच्यामागे हात धुवायच्या नळापर्यंत गेले. ताई मला म्हणाली, "बोलू दे. घरी मी हो हो म्हणते आणि भाजी चिरते."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, दाजींची बायको. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. वारज्याच्या टेकडीवरच्या रानफुलांचे फोटो आणि प्रत्येकाखाली तिच्या टिपा, असं अकरा वर्षांचं काम एका डिस्कवर होतं. दुसरी प्रत काढायची राहिली आणि ताई गेली. तिच्या वर्षश्राद्धानंतर आठवड्याभरातच ती डिस्क टकटक वाजू लागली.

"दाजी, बंद करा ती. जाणकाराकडे नेऊ," मी म्हणालो.

"जाणकार कशाला? एक सॉफ्टवेअर आहे. पुन्हा पुन्हा वाचून तुटकी माहिती जोडतं."

"त्यानं आणखी बिघडली तर?"

ताई गेल्यापासून प्रथमच त्यांचे डोळे चमकले. "सॉफ्टवेअरनं? तूसुद्धा?" पुढे पाऊण तास ते बोलत होते. ते डोळे पाहून माझ्याच्यानं वायर उपटवली नाही. चिडून निघून आलो, एवढंच. पाच दिवस त्यांनी ते सॉफ्टवेअर चालवलं. सहाव्या दिवशी टकटकही थांबली.

स्वारगेटजवळच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंनी डिस्क उघडून दाखवली. आरशासारख्या चकतीवर गोल ओरखडा होता. "काका, वाचणारा काटा आधीच मोडत आला होता. पाच दिवस चालू ठेवलीत, तो घासत राहिला. पहिल्याच दिवशी बंद केली असती, तर बरंचसं निघालं असतं."

"म्हणजे ओरखडा काट्यानं पाडला. सॉफ्टवेअरनं नाही."

"सॉफ्टवेअरनं नाही."

"मग मी बरोबर होतो," दाजी म्हणाले.

त्यानंतर मी सहा महिने त्यांच्या घराची पायरी चढलो नाही. बरोबर असलेल्या माणसाकडे जाऊन करायचं काय?

शेवटी तेच आले. खांदे उतरलेले, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "तू बंद कर म्हणालास, तेव्हाच करायला हवी होती. ती चालू होती तोवर वाटायचं, तुझ्या ताईचं काहीतरी चाललंय घरात."

दाजी चुकले हे त्यांच्याच तोंडून ऐकायची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. ऐकलं, आणि तोंड कडू झालं.

"नाही हो दाजी," मी म्हणालो. "डिस्क आधीच गेलेली होती. त्या बाईंना काय कळतंय?"

हे साफ खोटं होतं, आणि दाजींना ते माझ्यापेक्षा नीट कळत होतं.

"असेल," ते म्हणाले. मग त्यांनी चहा संपवला आणि शर्टाची चुकलेली बटणं एकेक करून नीट लावली.